खणातला उजेड

स्टेअरिंगकाकांचा ट्रक दोन दिवस उभा राहिला की तिसऱ्या दिवशी मेलेला असायचा. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. मग धक्का मारायला माणसं शोधा. महिनाभरात गल्ली इतकी शहाणी झाली होती, की काका चपला घालताना दिसले तरी लोकांना एकाएकी घरातली कामं आठवायची.

बॅटरी नवी घातली, तीही उतरली. काकांच्या वहिनींचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. नवऱ्यासाठी टॉर्च धरता धरता त्या काम शिकल्या आणि त्याच्याही पुढे गेल्या. त्यांनी दोनदा ट्रक दुकानात आणवला, वायर न् वायर तपासली, पण दोष सापडला नाही. हे त्यांना भलतंच झोंबलं होतं.

शेवटी काकूंनी निकाल दिला. “पाच वाजता भंगारवाला येतोय. तोवर दोष सापडला तर ट्रक तुमचा, नाहीतर त्याचा.”

सव्वीस वर्षं या ट्रकने लोकांची कपाटं, पलंग, गाद्या वाहिल्या होत्या. काका घरात बोलत नसत इतकं त्या स्टेअरिंगशी बोलत.

त्यात काकूंनी, काका दुपारची झोप काढत होते तेवढ्यात, वहिनींना फोन करून दारातच बोलावलं. इथे काकांची पंचाईत झाली. एरवी दुकानात जाताना ते, वहिनींच्या नजरेला पडू नये म्हणून, कोपऱ्यावर थांबून डॅशबोर्डचा खण रिकामा करत. त्या खणात एक डबी असायची, कवळीची. कवळी काकूंनी हौसेनं करवून घेतली होती. “लग्नाच्या फोटोतल्यासारखे दिसता,” म्हणाल्या होत्या. पण खालची कवळी हिरडीला अशी टोचायची, की काका रोज गल्लीचं वळण पार केलं की ती काढून डबीत टाकत आणि परतताना तिथेच पुन्हा बसवत. घरात याचा पत्ता नव्हता.

चार वाजता वहिनी आल्या. भरलेली बॅटरी जोडली, मग काळी वायर सोडवून मध्ये एक बल्ब लावला. “गाडी बंद आहे, दारं बंद आहेत. आता हा पेटला तर कोणीतरी गुपचूप वीज पितंय.”

बल्ब मिणमिणला.

“अगं बाई!” वहिनींचा चेहरा उजळला. “दुकानात कसा नाही पेटलास रे मेल्या?”

काका खिडकीतून आत वाकले. वहिनी बॉनेटखालचे फ्यूज एकेक उपसू लागल्या. चौथा काढला आणि बल्ब विझला. परत बसवला, पेटला.

“सापडला! यावर हॉर्न, रेडिओ आणि पुढचा खण. भावोजी, खण बघा बरं.”

काकांनी खण उघडला, डबी उचलून बंडीत घातली आणि झाकण दाबून बसवलं. “काही नाही, वहिनी!”

“अहो, पण विझला की हा! फ्यूज जागेवर आणि दिवा गेला?” वहिनींनी वायर हलवली, फ्यूज हलवला, स्वतःचं डोकंही हलवलं. बल्ब ढिम्म. “नाही बाई. आता मी हरले.”

“झालं तर,” काकू घड्याळाकडे बघत म्हणाल्या. “पाचला दहा कमी.”

एका बाजूला सव्वीस वर्षं, दुसऱ्या बाजूला बत्तीस दात, तेही विकतचे. काकांनी ट्रकच्या पत्र्यावर हात ठेवला. मग बंडीतून डबी काढली, खणात ठेवली आणि झाकण लावलं. डबीमुळे ते बोटभर उघडंच राहिलं.

बल्ब पेटला.

वहिनी तीन ढांगांत खिडकीशी. झाकण पुरतं मिटलं तरच आतलं बटण दाबलं जाऊन खणातला दिवा विझायचा, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. “आणि हा बल्ब कोणी घातला? हा तर ब्रेकचा! एवढ्या उजेडात काय लग्न लावायचं होतं?”

“मूळचा मंद होता. दात... म्हणजे डबी दिसत नव्हती.”

“कसली डबी?” काकूंनी ती उघडून पाहिली. रिकामी. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. काकांची दातखीळ बसली होती.

“टोचतात?”

काकांनी मान डोलावली.

“मग सांगायचं ना! मी काय चावले असते?”

“तू इतक्या हौसेनं...”

“हौस गेली खड्ड्यात. काढा आधी ते. सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन घासून आणू.”

वहिनींनी तोवर काळी वायर पुन्हा जोडून ब्रेकचा बल्ब काढून पदराला पुसला होता. “हा माझी मजुरी म्हणून नेते. महिनाभर मला वेडं केलंत, भावोजी.”

बरोब्बर पाचला भंगारवाला आला. “गाडी कुठली, मालक?”

काकांनी किल्ली फिरवली. ट्रक पहिल्याच फटक्यात धडधडला. काका खिडकीतून बाहेर बघत तोंडभर हसले. तोंडात एकही दात नव्हता. काकू शेजारच्या सीटवर चढल्या, डबी मांडीवर धरली आणि त्या हसण्याकडे बघत राहिल्या.

“हॉर्न वाजवा की,” त्या म्हणाल्या. “तो बाजूला होत नाहीये.”