बाहेरून कुलूप

दिनांक १९ जानेवारी १९८६, सकाळचे साडेअकरा, पोलादी पट्ट्या चौतीस. मित्रांनो, मी एक जुने शटर आहे आणि माझ्या जन्माची नोंद एवढीच आहे. ज्या कारखान्यात मी तयार झाले, तेथे पत्र्याच्या लांब पट्ट्या दोन रुळांमधून काढून त्यांच्या कडांना गोलाई देत आणि एकीची कड दुसरीच्या कडेत सरकवीत. सुटी पट्टी गुडघ्यावर ठेवून कोणीही वाकवावी. एकमेकींत अडकलेल्या पट्ट्यांचा मात्र दरवाजा होतो. माझ्या माथ्यावर स्प्रिंगांचा दांडा बसवला, तळाशी जाड तळपट्टी आणि कुलपासाठी कड्या जोडल्या, आणि दुकानाच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी खाचांत माझ्या कडा सोडल्या. एक तोंड रस्त्याकडे, दुसरे दुकानाकडे. असे असूनही मला कोणी दुतोंडी म्हटले नाही. तो शब्द माणसांनी स्वतःसाठी राखून ठेवला आहे.

ज्या दुकानाला मला बसवले, ते विजेच्या जळालेल्या मोटारींत आणि पंख्यांत नव्या तारा भरून देण्याचे होते. मालक कोणत्याही शाळेत शिकवत नसत, तरी सारा रस्ता त्यांना मास्तर म्हणे. त्याचे कारण असे, की मोटार का जळाली हे गिऱ्हाइकाला समजावून दिल्याशिवाय ते ती परत देत नसत. काळी पडलेली कॉइल हातात घेऊन ते सांगत, की मोटार एकदम कधी जळत नाही. आधी तिच्यावर भार वाढतो, मग ती तापते, मग तारेवरच्या लेपाचा वास येऊ लागतो. वास आला तेव्हाच बटण बंद केले असते तर ती वाचली असती. गिऱ्हाईक मान डोलावी, आणि वर्षभराने तीच मोटार पुन्हा घेऊन येई.

मास्तरांचा धाकटा भाऊ मोटारी आणण्या-पोचवण्याचे काम करी. मोठ्याने तारा गुंडाळायच्या आणि धाकट्याने गावभर सायकल हाणायची, अशी वाटणी होती. माझी निगा मात्र मास्तर स्वतः राखत. शटर रडू लागले की समजावे मालक आळशी आहे, असे ते म्हणत आणि दर आठवड्याला माझ्या खाचांत तेल सोडत. मी एका हाताने वर जात असे. समोरचे शिंपीकाका आपल्या किरकिऱ्या शटराशी झगडताना माझ्याकडे पाहून म्हणत, की मास्तरांचे शटर म्हणजे सासरी सुखात असलेली मुलगी, आवाज म्हणून नाही. ती माझी सुखाची वर्षे होती.

आता त्या रस्त्याची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातून घडले. या ना त्या कारणाने त्या बाजारात वर्षातून चार-पाचदा बंद पुकारला जाई. दुकान उघडे ठेवावे तर दगड येत, बंद ठेवावे तर चूल थंड राही. म्हणून दुकानदारांनी मधला मार्ग काढला होता. सकाळी लवकर येऊन ते आत बसत. घरचे कोणीतरी शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावी आणि किल्ली घेऊन घरी जाई. आत एका दिव्याच्या उजेडात दिवसभर काम चाले. जमाव आला की दिवा मालवायचा, हात थांबवायचे, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. जमाव कुलूप पाहून पुढे जाई. संध्याकाळी किल्ली परत येई. शिंपीकाका त्या दिवसाला तुरुंगवास म्हणत आणि मास्तरांच्या भावाला जेलर म्हणत. सगळे हसत. मीही त्या युक्तीत सामील होते आणि मला तिचा अभिमान वाटे.

मग निवडणूक आली. उमेदवार अनेक होते, पण झुंज दोघांत होती. एकाच्या चित्रात जाड काड्यांचा चष्मा होता, दुसऱ्याच्या चित्रात मिशी. बाजारात त्यांना चष्मेवाले आणि मिशीवाले असेच म्हणत. कोणाचे चित्र माझ्या अंगावर चिकटावे हे ठरवण्याचा हक्क मला नव्हता, मास्तरांनाही नव्हता. सकाळी पाहावे तर खळ ओली असे आणि नवा चेहरा हात जोडून हसत असे. त्या आठवड्यात तो चेहरा चष्मेवाल्यांचा होता.

भिंतीवरच्या जागेवरून चौकात दोन्ही बाजूंच्या पोरांची जुंपली. कोणीतरी शिडी ओढली आणि मिशीवाल्यांचा चित्रे चिकटवणारा खाली पडला. त्याचा पाय मोडला. एवढेच घडले होते. पण दुपारी बाजारात बोलले गेले की त्याचा पाय तोडला, आणि दिवेलागणीपर्यंत तो मेला. सभा माझ्यासमोरच्या चौकातच झाली. मिशीवाले उमेदवार त्याला इस्पितळात भेटून आले होते, त्याने त्यांच्यासमोर चहा घेतला होता. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून ते खोटे असे एक अक्षरही बोलले नाहीत. लोक रडवेल्या आवाजात त्या पोराचे नाव घेऊ लागले, तेव्हा त्यांनी फक्त मान खाली घातली आणि हात जोडून स्तब्ध उभे राहिले. सारा चौक त्यांच्याबरोबर उभा राहिला. मित्रांनो, मास्तर ज्या वासाबद्दल सांगत, तो वास मला त्या संध्याकाळी आला. बटण ज्यांच्या हाताशी होते, ते डोळे मिटून उभे होते.

दुसऱ्या दिवशी बंद होता. मास्तर नेहमीसारखे लवकर आले, मागून धाकटा आला. त्याचे मन घरूनच धास्तावलेले होते. वहिनींनीही, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनेही, मास्तरांना आज जाऊ नका म्हणून सांगून पाहिले होते.

"दादा, आज राहू दे," तो म्हणाला. "हा बंद नेहमीसारखा वाटत नाही."

"पाण्याची मोटार आहे रे. मागच्या गल्लीची टाकी कोरडी पडलीय. बायका शिव्या मला घालतायत, उमेदवाराला नाही."

"मग मी पण आत बसतो तुझ्याबरोबर."

"आणि कुलूप बाहेरून कोण लावणार? मिशीवाले?"

धाकट्याने माझ्यावरच्या चित्राकडे बोट केले आणि हे तरी फाडून टाकू का, असे विचारले.

"फाडलं तर हे येतील, ठेवलं तर ते येतील. राहू दे. कागद त्यांचा असला तरी पत्रा आपला आहे."

समोरून शिंपीकाकांनी आवाज दिला. त्यांच्या सुनेला त्या दिवशी येता येणार नव्हते.

"जेलरसाहेब, आमची पण कोठडी बंद करून जा. आणि संध्याकाळी विसरू नका बरं का, म्हातारा कैदी आहे."

धाकट्याने दोन्ही शटरे ओढली, दोन्ही कुलपे लावली, ती दोनदा हिसडून पाहिली आणि दोन किल्ल्या खिशात टाकून तो नदीपलीकडच्या घरी गेला.

जमाव दुपारी आला. मी अनेक जमाव पाहिले होते. ते ओरडत येत आणि ओरडत जात. हा थांबत थांबत येत होता. मास्तरांनी दिवा मालवला. त्यांचे हात थांबले, श्वास हलका झाला. रीतीप्रमाणे सारे चालले होते. बाहेर माझ्यापुढे पावले उभी राहिली.

"हे बघा, चष्मेवाल्याचं दुकान."

"अरे, मास्तरचं आहे ते," कोणीतरी म्हणाले.

त्यावर तिसरा बोलला आणि तो आवाज मी ओळखला. पंधरवड्यापूर्वी आपल्या आईचा पंखा घेऊन तो याच दुकानात आला होता. आईला उकाड्यात झोप येत नाही, जरा लवकर द्या, असे त्याने अजिजीने सांगितले होते, आणि मास्तरांनी त्याचे काम इतरांच्या आधी करून दिले होते.

"मास्तर घरी बसलाय. कुलूप बघ ना. माणसाला हात लावायचा नाही, ठरलंय आपलं. फक्त दुकान. रिकाम्या दुकानाला काय दुखतंय?"

डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज झाला. माझ्या तळपट्टीखाली बोटभर फट होती. तेथून पेट्रोल आत गेले. मास्तर अजूनही गप्प होते. इतक्या वर्षांची सवय होती. गप्प राहिले की जमाव पुढे जातो. वास ओळखून ते उठले, तोवर काडी पडली होती. दुकानात कॉइलवर चढवायच्या व्हार्निशचे डबे होते.

"मी आत आहे," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग दोन्ही हातांनी मला बडवू लागले.

बाहेरचा गलबला एवढा होता की ते कोणाला ऐकू गेले नाही. ऐकले फक्त समोर शिंपीकाकांनी. स्वतः कोंडलेला तो म्हातारा ओरडला तर आपण आत आहोत हे जमावाला कळणार होते. थोडा वेळ तेथे काहीच हालचाल झाली नाही. मग त्यांच्या शटरावर आतून काहीतरी जड आदळले. बहुधा इस्त्री असावी. पुन्हा आदळले. त्यांच्या शेजारच्या दुकानातून दुसरा आवाज आला, मग तिसरा, आणि बघता बघता रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कुलूपबंद शटरे आतून वाजू लागली. ओसाड बाजार आतून ठोठावू लागला.

जमाव गोठला. पंख्यावाल्याच्या हातातला डबा खाली पडला. "माणसं आहेत," तो म्हणाला. "आत माणसं आहेत." तो माझ्याकडे धावला, उघड्या हातांनी त्याने कुलूप धरले, भाजून सोडले, पुन्हा धरले. मग मागचे पळू लागले आणि त्यांच्याबरोबर तोही पळाला.

मित्रांनो, आता रस्ता मोकळा होता. पण मदतीला धावतील असे सगळे बाहेरून कुलूप लावून आत बसले होते, आणि सगळ्या किल्ल्या घरी होत्या.

नदीवरच्या पुलाजवळ काय झाले ते मला नंतर कळले. धूर दिसताच धाकटा धावत निघाला होता. पुलावर नुकत्याच लागलेल्या संचारबंदीचा पहारा होता. भाऊ आत कोंडलाय, मला जाऊ द्या, असे तो म्हणाला. कोणी कोंडला, असे शिपायाने विचारले. त्या भोळ्याने खरे तेच सांगितले. "मीच." त्याच्या खिशात दोन दुकानांच्या किल्ल्या सापडल्या, तेव्हा शिपायाने त्याला धरून बाजूला बसवले. बाहेरून कुलूप लावण्याची आमची रीत पुलापलीकडच्या त्या शिपायाला कशी माहीत असणार? साहेब येईपर्यंत आणि त्यांना समजेपर्यंत जो वेळ जायचा तो गेला.

तो आला. कुलूप निखाऱ्यासारखे झाले होते, तरी त्याने ते उघडले. माझ्या तळपट्टीखाली हात घालून त्याने जोर लावला. इथे मला तुम्हाला लोखंडाचा एक गुण सांगावा लागतो. तापले की ते वाढते. माझ्या पट्ट्या वाढल्या होत्या, वाकल्या होत्या आणि दोन्ही खाचांत घट्ट रुतल्या होत्या. उघडणे आणि मिटणे याखेरीज मला दुसरे काही येत नाही. त्या दिवशी मला उघडता आले नाही. धाकटा "दादा, दादा" म्हणत ओढत होता आणि मी हलत नव्हते. अग्निशामक दलाच्या लोकांनी अखेर मला कापले. मास्तर माझ्या आतल्या बाजूला टेकून बसलेले होते. त्यांचा तळहात माझ्या पट्टीवर होता.

मागच्या गल्लीची मोटारही जळाली, आणि टाकी पुढे बरेच दिवस कोरडी राहिली. जमावातले कित्येक जण त्याच गल्लीत राहत होते. पाय मोडलेला पोरगा महिन्याभरात कुबडी घेऊन चालू लागला. मिशीवाले निवडून आले.

मला चौकीच्या आवारात आणले. माझ्यावर मुद्देमाल अशी चिठ्ठी बांधली आणि भिंतीला टेकवून ठेवले. तेथे मी अकरा वर्षे उभे आहे. गंज चढला, पट्ट्यांत पाखरांनी घरटी केली. एका निवडणुकीत त्याच भिंतीवर नवे चित्र लागले, त्यात चष्मा आणि मिशी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. शिंपीकाका दुकान विकून मुलीकडे गेले. धाकटा दुसऱ्याच्या कारखान्यात काम करतो. त्याला पुन्हा कोणी जेलर म्हटले नाही. दर तारखेला तो आधी माझ्याकडे येई, मला हात लावी आणि मग कोर्टात जाई. एकदा वहिनी बरोबर होत्या. त्या कोणाला तरी सांगत होत्या, की भावजी घराच्या दाराला आतूनसुद्धा कडी लावू देत नाहीत.

कोर्टात त्या रस्त्याचे दुकानदार एकेक करून उभे राहिले. तुम्ही काय पाहिले, असे प्रत्येकाला विचारले गेले. आम्ही कुलपाआड होतो, ऐकले, पाहिले काही नाही, असे प्रत्येकाने सांगितले. ते खरेच होते. ज्याने पाहिले त्या मला बोलता येत नाही.

मित्रांनो, उद्या भंगारवाला मला नेणार आहे. तेल सोडा, रंग लावा, असे मी तुमच्याकडे मागणार नाही. माझी वेळ सरली. एकच मागणे आहे. फक्त दुकान, फक्त गाडी, फक्त काच, माणसाला हात लावायचा नाही, असे तुमच्यापैकी कोणी कधी म्हणू लागला, तर त्याच्याबरोबर पुढे जाऊ नका. आणि एखादी खोटी बातमी खरी नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर मान खाली घालून उभे राहू नका, तोंड उघडा. ते उघडायला किल्ली लागत नाही.

काल निकाल लागला. साक्षीदार एकोणीस, आरोपी सत्तावीस, दोषी ठरलेले शून्य.