घेतलेला नेम

"नेम घ्यायचा तर एकटीनं घे, प्रांजली. दुसऱ्याला त्यात ओवलंस की तो तुझ्या एकटीचा राहत नाही. मग सोडायची मुभा नाही."

आईनं हे सांगितलं तेव्हा प्रांजली वेणी घालत होती. "हं," म्हणाली आणि विसरली.

बारावीनंतर तिनं बाबांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. तिला समाजकार्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि तिथं सेवेचा अनुभव विचारतात. बाबांनी अट घातली. सेवा कर, पण दिवाळीच्या आत कमाईचं कामही धर, नाही तर गुपचूप बी.कॉम.ला बैस. सेवा लगेच मिळाली. माधवगंजातल्या वृद्धाश्रमाला फुकटचे हात हवेच होते. काम मात्र मिळेना.

आश्रमात विमलकाकू होत्या. त्यांची दृष्टी गेली होती, नेम गेले नव्हते. आषाढी एकादशीला प्रांजलीनं सहज विचारलं, "काकू, यंदा चातुर्मासात काय?"

"वाटतं, रोज कहाणी ऐकल्याशिवाय जेवू नये. पण वाचणार कोण, बाई? इथं आश्रमात सगळे हिंदी बोलणारे."

"मी आहे ना. रोज येईन."

काकूंनी तिथल्या तिथं तळहातावर पाणी घेतलं आणि वाटीत सोडलं. प्रांजलीला ते इतकं गोड वाटलं की तिनं फोटो काढला.

नवरात्राच्या तोंडावर दौलतगंजात समरजीतच्या साड्यांच्या दुकानात जागा निघाली. दुकान उघडायची वेळ आणि काकूंच्या जेवणाची वेळ एकच. ती आश्रमाच्या नीलमताईंना सांगायला गेली.

"तुम्ही पोरं येता, लळा लावता, फोटो काढता आणि जाता," नीलमताई नजर वर न करता म्हणाल्या. "निस्तरायचं आम्ही. जा."

प्रांजलीनं मधला मार्ग काढला. कहाण्या वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि काकूंच्या ताटापाशी लावायला अंशुलला पाठवल्या. तोही तिच्यासारखाच वर्षभर मोकळा, आश्रमात सेवेला येणारा. काकूंना दिसत तर नाही, आवाज माझाच आहे, असं तिनं मनाला समजावलं.

चार दिवस बरे गेले. मग एका सकाळी, पहिली गिऱ्हाइकं यायची होती तेव्हा, शेजारी साड्यांच्या घड्या घालणारी रुचिका गादीवरचा प्रांजलीचा फोन उचलून म्हणाली, "तुझ्या आश्रमाच्या ग्रुपवर काय गंमत आलीय, बघितलीस?"

अंशुलनं कालचा व्हिडिओ टाकला होता. काकूंसमोर ताट, ताटाला टेकवलेला फोन, फोनमध्ये प्रांजलीचा आवाज. कहाणी संपली. काकूंनी हात पुढे केला.

"आज इतकी लांब का बसलीस गं? ये, हात दे."

फोन गप्प.

"हाथ नहीं है दादी इसका, सिर्फ़ मुँह है," अंशुल म्हणाला. कुणीतरी खिदळलं.

काकूंनी पुन्हा विचारलं, "प्रांजली?" आणि मग ताट हळूच लांब सारलं. "ती नाहीये. मग कहाणी झालीच नाही."

"उठा ले थाली," हा आवाज नीलमताईंचा. "भूक लगेगी तो नियम अपने आप टूटेगा."

ताट उचललं गेलं. तरी काकूंचा हात तसाच पुढे होता.

"बिचारी," रुचिका हसत म्हणाली. "पण ती ताट उचलायला सांगणारी बोलली काय भारी, नाही?"

व्हिडिओखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. पहिला चेहरा प्रांजलीचाच. सकाळी टेम्पोत, व्हिडिओ न उघडताच, सवयीनं तिनं तो चेहरा टाकला होता.

तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आता ताट वाढलं जात असेल.

"सर, मला जायचंय."

गल्ल्यावरून समरजीतनं मान वळवली. "गिऱ्हाइकाच्या वेळेला? कोण वारलं?"

"कुणी नाही. एक काकू जेवायच्या राहिल्यात."

"तुझी कोण लागते?"

"कुणी नाही."

"मग नीट ऐक. आत्ता उतरलीस तर उद्या ह्या गादीवर चढायचं नाही. तुझ्यासारख्या दहा जणी दारात उभ्या आहेत. आणि तुझ्या बापाला मीच फोन करून सांगेन, पोरगी म्हाताऱ्यांना भरवायला गेली म्हणून."

रुचिका तोंडावर पदर धरून हसली.

प्रांजलीनं हातातल्या साडीची घडी पुरी केली, काठाला काठ जुळवून. पिशवीत कहाण्यांचं पुस्तक आहे ना, हे चाचपून पाहिलं. गादीवरून उतरली, चपला घातल्या आणि माधवगंजाच्या वाटेला लागली.