मुहूर्ताबाहेरचं वऱ्हाड

आमच्या ह्यांच्या चिकलठाण्याच्या कंपनीत दिवाळीला चिठ्ठ्या काढल्या आणि पुण्यापुढच्या, घाटाखालच्या त्या मोठ्या पार्कचे सहा पास आमच्या नावावर निघाले. बरोब्बर सहा. आम्ही दोघं, आमची पोरं संस्कृती नि शिवम, आणि माझे सासू-सासरे. देवानंच मोजून दिले म्हणलं.

पण राहायचं कुठं? पार्कजवळच्या हॉटेलांत एका खोलीत चौघंच. सहा जणांना दोन खोल्या, आणि एका रात्रीच्या भाड्यात आमचा महिन्याचा किराणा यावा. हे चार दिवस मोबाइल घासत बसले आणि शेवटी म्हणाले, "मोनिका, चौघंच जाऊ. दोन पास कुणाला तरी देऊन टाकू."

माझ्या सासूबाई लक्ष्मीबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, लगेच म्हणाल्या, "व्हय, जावा तुमी. आमाला काय करायचंय पाळण्यात बसून? घर राखतो."

माझं डोकं फिरलं ते इथंच. ही बाई जन्मभर घरच राखत आली. सगळे तिरुपतीला गेले तवा ही म्हशीपाशी. शिर्डीला गेले तवा ही खळ्यावर. आणि त्या पार्कच्या घसरगुंडीचा व्हिडिओ शिवमला तीनदा कुणी लावायला सांगितला, ते मी भाकरी थापता थापता बघितलं होतं.

"आत्याबाई नाय, तर मीबी नाय," मी म्हणलं. "जावा तुम्ही बापलेकं." ह्यांनी परत मोबाइलमधी तोंड घातलं. मी लई बोलले की हे असंच करतात.

मी लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जाते. जालना रोडवरच्या एकूण एक मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर मला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना एकदम डोक्यात आलं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नाय, म्हणून मी घरी बसलेय. मग कार्यालयं तरी काय करत असतील? वऱ्हाडाच्या खोल्या, गाद्या, आंघोळीचं गरम पाणी, सगळं कुलपात. पार्कजवळच्या कार्यालयांचं तरी काय वेगळं असणार?

मोबाइलवर तिकडचे नंबर काढले. दोघांनी फोन ठेवून दिला. तिसऱ्या मॅनेजरनं विचारलं, "लग्न कुणाचं?"

"लग्न नाय दादा. नुसतं वऱ्हाड आहे."

"लग्नाशिवाय खोल्या देत नाही आम्ही."

"चार महिने तुमच्या गाद्यांना कुणी ऊन दाखवलं का? कुबट वास मारत असतील. आम्ही वाळवतो, खोली झाडून देतो. पंगतीला पोळ्या लाटणारी बाई आहे मी, तुमचं स्वयंपाकघरबी चकचकीत करून जाते."

तो हसला. मग त्यानं भाडं सांगितलं. हॉटेलवाल्यांच्या चौथाईबी नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"पण ताई, पुस्तकात नवरा-नवरीचं नाव लिहावं लागतं. मालक बघतात."

"लिहा की," म्हणलं. "नवरदेव कडूबा, नवरी लक्ष्मीबाई." सासऱ्यांचं नाव कडूबा. खोटं काय होतं त्यात? नवरा-नवरीच आहेत ते.

पुढच्या आठवड्यात सकाळी सकाळी कार्यालयासमोर उतरलो आणि मी जागीच थबकले. वॉचमननं पुस्तक बघून, नेहमीच्या रीतीनं, फाटकावर पाटी लावली होती. 'चि. कडूबा आणि चि. सौ. कां. लक्ष्मीबाई यांचा शुभविवाह.' वर झेंडूची माळसुद्धा.

हे पोट धरून हसायला लागले. मामंजी लाजून पिशव्या मोजायला लागले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. चौथी शिकलेली बाई, बोट लावून एकेक अक्षर वाचत होती.

"पाचोडला चुलत बहिणीच्या मांडवातच माझं उरकलं," त्या हळूच म्हणाल्या. "पत्रिका तिची, पाटी तिची. माझं नाव कुटंच नव्हतं."

माझे डोळे भरून आले आणि छाती अशी फुगली, की कुणी मला पार्कच लिहून दिलं असतं तरी तेवढी फुगली नसती.

पोरं हात ओढायला लागली. "आजी, चल ना, पार्क उघडलं."

आत्याबाईंनी पदर सारखा केला, मामंजींना दंडाला धरून पाटीशेजारी उभं केलं.

"थांबा रे, पार्क काय पळून चाललंय? आदी फोटू काढा. आन् मोनिका, माझं नाव पुरं येऊ दे."