उजवी बाजू

येप्पेने सोबत आणलेल्या खुर्चीवरचं घोंगडं ओढून काढलं आणि टाळ्यांची वाट पाहावी तसा एक पाऊल मागे सरकला. राग्ना उठली नाही. तिने त्याला कॉफीही विचारली नव्हती. कोपनहेगनमध्ये घरी आलेल्या माणसाला हाकलायचा याहून सभ्य मार्ग नाही.

येप्पेच्या कंपनीला ही खुर्ची या शरदात बाजारात आणायची होती, खाली राग्नाच्या वडिलांचं नाव घालून: ‘विगो हामरहोल्ट यांच्या खुर्चीवरून’. विगो हिवाळ्यात गेले होते. नाव द्यायचं की नाही हे आता राग्नाच्या हाती होतं, आणि द्यायचं नाही हे तिने कालच ठरवलं होतं.

तो बोलत होता. ही नक्कल नव्हे, जुन्या गुरूशी संवाद आहे. प्रत्येक पिढीने त्या खुर्चीत नव्याने बसायला हवं. राग्ना त्याच्या बुटांकडे बघत राहिली. महागाचे होते, आणि मुद्दाम जुने दिसतील असे केलेले.

“आणि खुर्चीचा हा एक हात खाली घेतलेला,” येप्पे म्हणाला. “असमतोलाचं हे धाडस त्या काळात दुसऱ्या कुणाला सुचलं असतं?”

“धाडस कसलं? मी अंगावर पीत होते. मला घेतलं की आईचं कोपर खुर्चीच्या हातावर आपटायचं, म्हणून बाबांनी तो कापून खाली घेतला. डावा हात.”

येप्पेने आपल्या खुर्चीकडे पाहिलं. तिचा उजवा हात खाली होता.

“पुस्तकातल्या फोटोवरून काढलीत ना?” राग्ना म्हणाली. “तो आरशातल्यासारखा उलटा छापलाय. बाबा जन्मभर त्याला हसले. खरी खुर्ची तुमच्या मागे आहे. आल्यापासून तिच्याकडे पाठ करून उभे आहात.”

खिडकीशी, त्या खऱ्या खुर्चीत, राग्नाची आई तोवे बसली होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा उजवा खांदा उतरला होता. त्या बाजूचा तिचा हात खुर्चीच्या उंच हातावर ठरत नसे. घसरून लोंबकळत राही आणि राग्ना तो उचलून तिच्या मांडीवर ठेवी. थांब, तुला उजवा हात खाली असलेली करून देतो, असं विगो म्हणत. लाकूडही आणून ठेवलं होतं त्यांनी.

येप्पेचे कान लाल झाले. चूक लगेच दुरुस्त करतो म्हणाला, कारखान्यात नुसती बाजू तर बदलायची. राग्नाला बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं.

तोवे डाव्या हाताने नव्या खुर्चीकडे खूण करत होती.

“आई, ती आपली नाही गं.”

खूण थांबेना. शेवटी दोघांनी धरून तिला त्या खुर्चीत बसवलं. तिचा हात उचलायला राग्ना सवयीने खाली वाकली. हात घसरला नव्हता. बुटक्या लाकडावर तो विसावला होता, बोटं कडेवरून सैल सोडून.

तोवेने त्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं.

“केली एकदाची,” ती जड जिभेने म्हणाली. “नुसता करतो, करतो म्हणत होता.”

राग्ना तशीच वाकून राहिली. मग सरळ होत म्हणाली, “बाजू बदलू नका.”

“आणि नावाचं?” येप्पेने हळूच विचारलं.

ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली होती.

“कॉफीत दूध घेता?”