मोगरा कोण खुडणार?

लग्नसराई आली की विनिताबाईंच्या फुटबॉल संघाला गळती लागायची. अठ्ठ्याण्णव साली तर सहाच पोरी उरल्या, आणि सातांशिवाय सामना सुरूच होत नाही. संघ उतरला नाही तर मुलींचा फुटबॉल बंद, असं प्राचार्यांनी बजावलेलं. म्हणून सामन्याच्या सकाळी प्रशिक्षक बाई निर्मळ गावी, गोलकीपर अक्षदाच्या वाडीवर जाऊन थडकल्या.

"मग मोगरा कोण खुडणार?" तिचे वडील एकनाथराव म्हणाले.

"मी खुडते! पाया पडते, पण तिला सोडा."

एकनाथरावांनी बाईंकडे नीट पाहिलं. "बरं, खुडा." त्यांनी स्कूटर काढून लेकीला मागे बसवलं. बाई हरखून ओरडल्या, "पुढे येऊन बॉल अडव गं!"

टोपली भरून बाई धापा टाकत मैदानावर पोचल्या. सहा पोरी गवत उपटत बसल्या होत्या. रेफरी केव्हाच गेला होता.

बाई तरातरा वाडीवर परतल्या. अक्षदा साडीत होती आणि एकनाथरावांच्या हातात पेढे. "उमेळ्याला मामाकडे मुलगी दाखवायची होती. तुम्ही होता म्हणून वेळेत पोचलो, बाई. जमलं!"

अक्षदा मान वर करेना. "त्यांनी विचारलं, हात एवढे खरखरीत कसे," ती पुटपुटली. "मी सांगितलं, कळ्या खुडून."