ढोलीतला कंपूटर

कंपूटर मी धानाच्या ढोलीत ठेवला होता. हासाचं असंल त हासून घ्या. चामोर्शीचा कंपूटर दुरुस्त करणारा सुरेंद्र बी हासला, इतका हासला का हातातला पेचकस खाली पडला. पण मले सांगा, आमच्या घरी पावसाळ्यात ओल लागू नये अशी दुसरी जागा कोणती? ढोली म्हणजे बांबूची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिपलेली, माणूसभर उंच. तिच्यात धान वर्षभर राह्यते अन् त्याले काई होत नाई. माह्या सासूनं आपली चांदी ढोलीत ठेवली. माह्या नवऱ्यानं, देवाजीनं, वावराचे कागद ढोलीत ठेवले. जे जपाचं ते धानात, असं आमच्या घरी चालत आलं. मंग लेकीचा कंपूटर का चुलीवर ठेवू?

लेक म्हणजे दिव्यानी. एकुलती एक. ती बारावीत होती तवा देवाजीनं गडचिरोलीहून हा कंपूटर आणला, कोणाचा तरी वापरलेला. तिच्या खोलीत पंख्याची घरघर चालू राहे, अन् आमी दोघं आंगणात बसून आयकत राहो. घरघर चालू म्हणजे पोट्टी शिकून राह्यली. शिकली, पुण्याले गेली, कंपनीत लागली. देवाजी गेला त्याले तीन पावसाळे झाले. आता या घरात मी अन् एक म्हैस. चहाचं आधण अजून बी दोघांचं टाकते, मंग दोन्ही कप मीच पेते. एकटं वाटते, खोटं काऊन सांगू? गावात माणसं हायेत, कुंता हाये शेजारी, पण सांजच्याले आपापल्या घरचं दार सगळेच लावतेत.

पोट्टी फोन रोज करते, तिच्या नावानं बोंब नाई मारत मी. पैसे बी धाडते. पण गेल्या साली आली ते एक रात राह्यली अन् गेली. काम घरूनच करते म्हणे, तिथी भाड्याच्या खोलीत बसून. हे काई माह्या डोक्यात शिरे नाई. दिवाळीले आली नाई तवा मी फोनवर इचारलंच, "बाई, घरूनच काम कराचं त आपल्या घरून काऊन नाई करत?"

ती म्हणे, "आई, तिथला कंप्युटर चालत नाही ना. तो चालू असता तर महिनाभर येऊन राहिले असते मी."

पुण्याले गेल्यापासून अशी पुस्तकावाणी बोलते. बोलू दे. मी त फकत 'महिनाभर' तेवढंच आयकलं. महिनाभर म्हणजे सकाळी दोन कप, दुपारी दोन ताटं, अन् त्या खोलीत घरघर. फोन ठेवला अन् ढोलीत हात घातला.

बाजाराच्या दिवशी कंपूटरचा डबा बोऱ्यात बांधला, काळी-पिवळीत मांडीवर घेतला अन् चामोर्शीले गेली. बाजूचा बुढा म्हणे, "बकरीचं पिल्लू हाये का?" म्हटलं, "हो, इंग्रजी पिल्लू हाये, चावते, सरकून बस."

सुरेंद्रचं दुकान बसस्टँडच्या मांगं हाये. त्यानं पेच खोलले, पत्रा काढला, अन् टेबलावर तूस सांडलं. ओंजळभर तूस. त्यानं ब्रश मारला त आणखी निंघालं. आतल्या पंख्यापाशी धानाचा एक दाणा अंकुरून तसाच वाळून गेला होता. सुरेंद्रनं तो चिमट्यात धरून मले दाखवला.

"बाई, तुमी हा कंपूटर पेरला होता का रोवला होता?"

"तू दुरुस्त कर. धानाच्या बांधीत काय लावाचं ते माह्यावर सोड."

हासून झाल्यावर त्यानं नव्या कंपूटरचा भाव सांगतला. मी म्हटलं, तेवढ्यात बैलजोडी येते, अन् बैल शेण तरी देते. माह्यापाशी होते ते मोहाचे पैसे, उन्हाळ्यात वेचून विकलेल्या मोहाचे, अन् दोन कोंबडे विकाची तयारी. सुरेंद्रनं डोकं खाजवलं. "मंग दुधाची तहान ताकावर भागवू, बाई. डबा तोच, पडदा तोच, आतला मोठा पाट, मदरबोर्ड, तोच. जुनी हार्डडिस्क काढू, तिच्या जागी एसएसडी टाकू, सगळ्यात लहान मिळते ती. अन् रॅम वाढवू. रॅम मी एका मेलेल्या कंपूटरची काढून देतो, स्वस्तात."

"त्यानं काय होईल?"

"रॅम म्हणजे तुमचं आंगण समजा. आंगण लहान असलं त धान वाळवाले किती पसरवाल? आंगण मोठं केलं का काम झटपट होते. अन् एसएसडी म्हणजे ढोली, पण अशी का हात घातला अन् पायजे तो दाणा बोटात."

"अशी ढोली मले बी एक दे," मी म्हटलं.

तो काम करत होता अन् मी स्टुलावर बसून पाहत होती. पंख्याखाली मलम लावते, हे मले मालूमच नव्हतं. कंपूटरले बी मलम लागते. खाली मान घालून त्यानं इचारलं, "वापरणार कोण हाये, बाई?"

"पोरगी. पुण्याच्या कंपनीत हाये. महिनाभर येणार हाये, इथूनच काम करणार."

"कंपनीवाले त लॅपटॉप देतेत ना? माह्या साळ्याले बी देला."

"तुह्या साळ्याचं मले नको सांगू. माह्या पोरीले नसंल देला."

तो पेच आवळाले लागला. बिचाऱ्यानं काई वाईट म्हटलं नव्हतं. पण ते बोलणं माशाच्या काट्यावाणी माह्या गळ्यात अडकलं. कोरड्या भाताचा घास गिळला का काटा उतरते म्हणतेत. घरी येईपर्यंत मी असे लय घास गिळले. तिचं काम येगळं असंल. लॅपटॉप लहान पडत असंल. आपल्याले काय समजते त्यातलं?

पुढच्या बाजारी डबा तयार होऊन मिळाला. सुरेंद्रनं एकेका वायरीले रंगाची चिंधी बांधून देली होती अन् डब्याच्या भोकापाशी त्याच रंगाची टिकली चिटकवली होती. लाल चिंधी लाल टिकलीत. कुंतानं अन् मी मिळून वायरी लावल्या. कुंताचं घर मासे धरणाऱ्यांचं, तिचा हात जाळ्याच्या गाठीत बसलेला, तिनं एकाच झपाट्यात सगळ्या वायरी सोडवल्या. बटण दाबलं. पह्यले म्हैस धुऊन यावं तवर हा सुरू होत नव्हता. आता कुंतानं पदर खोचला नाई तवर पडदा उजळला. हिरवी टेकडी, वरतं आभाळ.

"मायबाई," कुंता म्हणे, "हा त जवान झाला."

नेट फोनातून घ्याचं, ते बी सुरेंद्रनं शिकवलं होतं. रेंज आमच्या घरी त्याच खोलीत खिडकीपाशी येते, तिथीच टेबल लावला. खोली चुन्यानं पोतली. वावरात धानाच्या मांगं टाकलेली लाखोरी हातभर झाली होती, दिव्यानीले तिची कोवळी भाजी लय आवडते. कुंताले म्हटलं, पोट्टी आली का झिंगे आणत जाय. ती म्हणे, टोपलंभर आणन. मी एवढी खूश कधी होती ते आठवत नाई. देवाजीच्या फोटोले सांगतलं सुद्धा, तुही पोरगी येऊन राह्यली म्हणून.

रविवारी फोन लावला, तोंड दिसते तो. कुंता खाली बसून झिंगे निवडत होती, त्या दिवशीच्या आमच्याच भाजीचे. कंपूटर माह्या समोर चालू होता अन् फोनची पाठ त्याच्याकडं. म्हटलं पह्यले सांगू, मंग फोन फिरवून दाखवू.

दिव्यानी पलंगावर बसली होती. मांडीवर लॅपटॉप होता. चांगला करकरीत, कंपनीचं नाव छापलेला. माह्याशी बोलाले तिनं तो मिटला अन् बाजूले ठेवला, सहज, आपण सूप बाजूले ठेवतो तसा.

काटा तिथीच होता. उतरला नव्हता.

तरी बी मी बोललीच. "बाई, आपला कंपूटर दुरुस्त झाला. चामोर्शीच्या सुरेंद्रनं केला."

तिचं तोंड पाह्याचं होतं तुमी. मी खुशी शोधून राह्यली होती, अन् पोट्टी घाबरली. खरंच घाबरली.

"अगं आई, पण तिथं रेंज नसते ना."

"खिडकीपाशी येते."

"हो, पण माझं काम जरा जड असतं. तेवढ्या मशीनवर नाही होणार ते."

"रॅम वाढवली. आंगण मोठं केलं."

"आणि... सुट्टी पण नाही गं आत्ता."

"सुट्टी काऊन पायजे? घरूनच काम हाये ना?"

राग आला मले, लपवत नाई. इतका राग आला का, तो मांडीवरचा कोणाचा हाये वं, हे माह्या दातांपर्यंत आलं होतं. माही जीभ काई साधी नाई, गावाले मालूम हाये. बोलली असती त एका बोलण्यात पोट्टी उघडी पडली असती.

पण ती नख चावत होती. लहानपणी दुधाचा गंज लवंडला तवा अशीच नख चावत दाराआड उभी होती. ती खोटारडी नाई. तिले इथी येऊन राह्याचं नाई, अन् मले दुखवाचं बी नाई. बाप गेला ते घर, सांज झाली का सामसूम, अन् पाच बाया येऊन लग्न कधी करते म्हणून इचारणार. माह्यानंच कधी कधी राहवत नाई इथी, त ती कशी राहील? येत नाई म्हणाले तोंड होत नव्हतं, म्हणून तिनं आमच्या दोघींच्या मधात हा मुका कंपूटर ठेवून देला होता. तो चालत नव्हता तवर तिचं बरं होतं. अन् माहं बी बरं होतं.

"आयकून त घे पुरतं," मी म्हटलं. "दुरुस्त झाला होता. दोन दिवस चालला. आज सकाळपासून बंद पडला पुन्हा. सुरेंद्र म्हणे, आता याच्यात काई दम नाई राह्यला."

समोर पडद्यावर हिरवी टेकडी चमकत होती. कुंताचा हात झिंग्यात तसाच थांबला.

दिव्यानीनं श्वास सोडला. फोनात आयकू आला इतका. "अरेरे," म्हणे. मंग म्हणते, "असू दे वं माय. पुढच्या साली नवाच घेऊ आपण. मंग येतेच मी, महिनाभर राह्यते."

"हो. नवाच घेऊ."

अन् मंग बोलाले लागली. म्हैस किती दूध देते, लाखोरी निंघाली का, कुंताच्या जाळ्यात मासे येतेत का, मार्कंड्याच्या जत्रेले यंदा कोणासंगं जाशील. आपल्या बोलीत, लहानपणी बोले तशी, थांबेचना. गेल्या दोन सालात माह्याशी इतकी मोकळी बोलली नव्हती. मी हो हो करत राह्यली. फोनची पाठ कंपूटरकडंच धरून ठेवली होती, हात भरून आला तरी.

फोन ठेवल्यावर कुंता म्हणे, "काऊन वं? धडधडीत चालू हाये, अन् बंद म्हणून सांगते?"

"पोट्टीले नाचाचं नव्हतं, कुंता. आंगण वाकडं हाये म्हणत होती. अन् मी येडी, आंगण सरळ कराले चामोर्शीले गेली."

कुंतानं निवडलेले झिंगे धुतले, माह्या चुलीपाशी ठेवले अन् गेली. मी त्या दिवशी लय रडली. मंग भाजी केली, कारण झिंगे नासतेत.

दुसऱ्या दिवशी वायरी काढल्या. चिंध्या तशाच राहू देल्या. ढोली नव्या धानानं भरली होती, मधात हातानं खड्डा केला, डबा ठेवला अन् वरून धान लोटलं. या खेपेले जपाले नाई ठेवला. दिव्यानी कधी ना कधी येईल, एका रातीसाठी का होईना, अन् तवा तिले त्या खोलीत चालू कंपूटर दिसाले नाई पायजे.