ड्रायरचा ठोका

बाबा जाऊन महिना होत आला तरी त्यांच्या मागची कामं संपत नव्हती. आजचं काम स्टुडिओतलं. बाबांची पहिली तबकडी नव्याने निघणार होती आणि ती कशी निघावी, हे आता लेकीने ठरवायचं होतं.

बाबांची लाँड्री होती. खाली तळघरात शनिवारी संध्याकाळी त्यांचा टेक्नो संगीतावर नाचण्याचा क्लब भरे. वर हॉस्पिटलच्या चादरी वाळवणारा थोरला ड्रायर. त्याला सुट्टी ठाऊक नव्हती. त्याच्या हादऱ्याने सुई उडायची, म्हणून बाबांनी रेकॉर्ड प्लेअर सायकलच्या ट्यूबांनी छताला टांगला होता. नवखा माणूस नाचण्याआधी तो पाळणा बघून हसून घेई. तिथेच बाबा आणि त्यांचे भागीदार, म्हणजे काका, यांनी स्वतःचं संगीत रेकॉर्ड केलं, तबकड्या विकायला स्वतःचं लेबल काढलं. तिथेच बसून चार-चारदा ऐकलं आणि पसंत केलं. तबकड्या छापून आल्यावर आईने घरी एक लावली न् विचारलं, "यात ड्रायर कशाला घातलात?"

ड्रायरखाली जन्म काढणाऱ्या दोघांना ड्रायर ऐकूच आला नव्हता. बाबांनी कित्येक दिवस तोंड लपवलं. पण तबकडी चालली. इतकी चालली, की दूरदूरची पोरं तो घुम्म-घुम्म मुद्दाम आपल्या संगीतात घालू लागली. काका म्हणत, "आपण तोंडावर आपटलो आणि लोक म्हणाले, काय उडी मारली!"

"ड्रायर काढला बघा, मॅडम," स्टुडिओवाला म्हणाला. "आता औषधालाही सापडायचा नाही."

"हेच जाऊ दे," तिच्या शेजारी बसलेले काका लगेच म्हणाले. "शेवटी शेवटी मला म्हणाला होता, एकदा ते स्वच्छ ऐकायचंय रे."

"मला नाही कधी म्हणाले."

"तुला कसं म्हणेल, बाळा? तुझ्यापुढे तो मोठा संस्थापक. माझ्यापुढे लाँड्रीवाला."

झोप न झालेल्या डोळ्यांवर तिने तळवे दाबले आणि हेडफोन चढवले.

आवाज खरंच धुऊन काढल्यासारखा होता. पण बाबांचा हात अडखळत होता. ठोका यायचा तिथे येत नव्हता. मध्येच उगाच थांबे, मग घाईने पुढे जाई. नवशिक्याचा हात. तिने जुनी तबकडी लावायला सांगितली. ड्रायर फिरला आणि प्रत्येक ठोका आपल्या जागी येऊन बसला.

तिने हेडफोन काकांना दिले. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरला.

"आयला," ते हळूच म्हणाले, "आम्ही त्याच्याच तालावर वाजवत होतो की."

"काका, लोकांना काय ऐकवू?"

"मला नको विचारू. मी त्याला स्वच्छ ऐकवायचा शब्द दिलाय."

"मग माझ्यावर टाका," ती म्हणाली. "बाबा रागावले तर माझ्यावर रागावतील." ती स्टुडिओवाल्याकडे वळली. "ड्रायर परत घाला. हे स्वच्छ केलेलं ठेवू नका, पुसून टाका."

स्टुडिओवाल्याचं बोट बटणावर थांबलं. काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "थांब रे. पुसायच्या आधी एकदा ते स्वच्छ पूर्ण वाजव. मोठ्याने."

तो अडखळणारा हात शेवटपर्यंत वाजत राहिला. दोघांनी तो मान खाली घालून ऐकला.